सत्तावीस इंचांवरची तुटक रेघ

तीन आठवड्यांत मी चार मॉनिटर पाहिले. त्यांतले दोन घरी आणले आणि दोन्ही परत नेऊन दिले. पहिला परत करताना दुकानदाराला सांगितलं, अक्षरं फिकट दिसतात. दुसऱ्याच्या वेळी सांगितलं, उजेड डोळ्यांवर येतो. तो बिचारा खोक्यात थर्माकोल बसवत दोन्ही वेळा मान हलवत राहिला. दुसऱ्यांदा मात्र त्यानं विचारलं, "भैया, आपको चाहिए क्या? एक बार ठीक से बता दो." मी त्याला इंच सांगितले, हर्ट्झ सांगितले, पॅनेलचा प्रकार सांगितला. खरं उत्तर मी तोवर बायकोलाही दिलेलं नव्हतं. मला असा मॉनिटर हवा होता, ज्याच्यासमोर बसल्याबरोबर सिद्ध होईल की चूक जुन्या मॉनिटरची होती. माझी नव्हती.

चूक काय होती ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी पुन्हा इंच आणि हर्ट्झ यांतच फिरत बसेन. वर्षभर तेच केलं आहे.

मी लोखंडी शेडची आणि गर्डरची ड्रॉइंग तपासतो. हथखोजच्या कारखान्यांच्या रांगेत एक लहानसं ऑफिस आहे, तिथे. डिझाइनवाल्यांकडून सगळ्या सांगाड्याचं मोठं चित्र येतं. त्यातून आमच्याकडचे लोक एकेका तुकड्याचं वेगळं ड्रॉइंग करतात: कुठे भोक पाडायचं, कुठे कापायचं, कुठे वेल्डिंग करायचं. ते कारखान्यात जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातं. पंचवीस वर्षं हेच केलं. वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये आले आणि रोलिंग मिलमध्ये रिटायर झाले. मला प्लांटमध्ये काही लागता आलं नाही. डिप्लोमा करून मी या बाजूला आलो. "पोरगा लोखंडातच हाय, फक्त कागदावरच्या," असं वडील लोकांना सांगत.

ड्रॉइंगमधली एक गोष्ट समजली तर पुढचं सगळं समजेल. सलग रेघ म्हणजे समोर दिसणारी वस्तू. तुटक रेघ म्हणजे पलीकडच्या बाजूला असलेली, पुढच्या पत्र्यानं झाकलेली वस्तू. बीमच्या पोटाला लोखंडाचा लहान तुकडा जोडायचा असतो, त्याला आम्ही क्लीट म्हणतो. त्याची रेघ सलग असेल तर तो अलीकडून वेल्ड करायचा, तुटक असेल तर पलीकडून. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात हे शिकवतात.

पूर्वी आम्ही कागदावर तपासायचो. बरोबर त्यावर पिवळं पेन, चूक त्यावर लाल. मी कागद खिडकीशी नेऊन उन्हात धरत असे. मग सगळं स्क्रीनवर आलं आणि खिडकी सुटली. एक जुनी पद्धत मात्र टिकली. कुणाला शंका आली की त्यानं माझ्या टेबलाशी यायचं, मी पाहून सांगायचं आणि विषय संपला. कुणी लिहून ठेवायचं नाही, सही मागायची नाही. 'दादांनी सांगितलं' एवढं पुरे असे. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आज वाटतं, ती पद्धत माझ्यासारख्या माणसाला पळायला दार ठेवण्यासाठीच टिकली होती.

आमच्या ऑफिसात ड्रॉइंग करणारी एकच बाई होती. चौतीस-पस्तीसची, नागपूरकडची, नवरा दुर्गला रेल्वेत. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिला परत काम करायचं होतं. विहारात रविवारी तिच्या सासूनं माझ्या बायकोला हे सांगितलं, बायकोनं मला, आणि मी तिला ऑफिसात घेऊन गेलो. मालकाला म्हणालो, हात बघा तिचा. हात खरोखरच चांगला होता. तिच्या ड्रॉइंगवर लाल पेन क्वचितच चालायचं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

"दादा, हे पाहा जरा. ह्या क्लीटची रेघ तुटक हाय का सलग? स्कॅन लय खराब हाय. मले तं तुटक दिसून राहिली."

मी खुर्ची पुढे ओढली. स्क्रीनवर मला एक राखाडी दोरा दिसला. गेले कित्येक महिने मला प्रत्येक बारीक रेघ राखाडी दोऱ्यासारखीच दिसत होती. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुलासारखा फुटायचा. मी ते सगळं जुन्या मॉनिटरच्या आणि चष्म्यावरच्या ओरखड्यांच्या नावावर टाकून मोकळा होत असे. झूम करून पाहावं, असं मनात आलं. पण ती बाजूला उभी होती, आणि एका रेघेसाठी झूम करणारा चेकर मला व्हायचं नव्हतं.

"सलग आहे."

"पक्कं?"

"पंचवीस वर्षं यातच गेली बाई. सलग आहे."

"बरं बाप्पा," ती हसली, "मंग मलेच चष्मा लागला असन."

चौदा बीम बनले. चौदाही बीमचे क्लीट उलट्या बाजूला लागले. साइटवर क्रेननं पहिला बीम वर नेला तेव्हा जोडायच्या बाजूला काही नव्हतं, आणि नको त्या बाजूला लोखंडाचा तुकडा कानासारखा बाहेर आला होता. ट्रेलर भरून सगळे परत आले. गॅसनं कापा, घासा, पुन्हा वेल्ड करा. मालकानं आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेरच्यांना सगळं ऐकू जात होतं.

तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "दादा, मी विचारलं होतं न तुमाले?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही. दिवसाला दहा जण विचारतात."

आणि मग, मालक काही बोलायच्या आत, "शिवाय माझा स्क्रीनही जुना झालाय, साहेब."

मला आठवत होतं. तिच्या हातातला स्टीलचा ग्लास आठवत होता. 'पक्कं?' म्हणताना तिनं मान तिरपी केली होती तेही आठवत होतं. इतकी वर्षं मी कुणाचं फार बरं केलं नसेल, पण असं काही केलं नव्हतं. आणि ते किती सोपं होतं! एक वाक्य, तेही न चिडता.

ती भांडली असती तर कदाचित मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ती भांडली नाही. तिचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला, जिन्याची एक पायरी कमी निघाल्यावर होतो तसा. बाहेर दोघं हसत होते. पुढचे काही दिवस चहाच्या वेळी एक जण विचारायचा, "वहिनी, कप इस साइड रखूँ कि उस साइड?" पंधरा दिवसांनी तिनं काम सोडलं. मालक म्हणाला, "औरतों का ध्यान घर में रहता है." मी पिवळ्या पेनाचं टोपण लावत होतो. हे पेन आता कशालाच लागत नव्हतं, तरी मी ते लावत-काढत होतो.

त्यानंतर विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. खोटं न बोलण्याचं ते शील. शेजारची माणसं मोठ्यानं म्हणत, त्यात माझं न म्हणणं खपून जाई. तिनं रविवारी येणं बंद केलं होतं, त्यामुळे आणखीच सोपं झालं.

आठवड्यातले तीन-चार दिवस मी वैशाली नगरला घरूनच काम करू लागलो होतो, ऑफिसातला तोच जुना मॉनिटर घरी आणून. बायकोपर्यंत माझी अर्धीच हकीकत पोचली होती. ती म्हणाली, "अहो, त्या जुन्या डब्ब्यापायी तुमचं नाव खराब झालं. घेऊन टाका न नवा." तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मला ते खरंच वाटू लागलं. मॉनिटर. अर्थात मॉनिटरच.

आता मुलीचं सांगतो. बावीस वर्षांची आहे. सकाळी कॉलेज, आणि संध्याकाळी सहा ते आठ ती गेम खेळते. वेळ घालवायला नव्हे. त्यांची पाच मुलींची टीम आहे, बाकीच्या चौघी वेगवेगळ्या गावांत, आणि त्या स्पर्धा खेळतात. कानाला हेडफोन लावून ती हिंदीत ज्या आवाजात हुकूम सोडते, तो आवाज तिनं आमच्यासमोर कधी काढला नाही. घरात कंप्युटर एकच, टेबल एकच. दिवसा माझं, संध्याकाळी तिचं. म्हणजे मॉनिटर दोघांचा.

"पप्पा, साठ हर्ट्झवर मी खेळूच नाही शकत. सामनेवाली मुझे पहले देख लेती है. मला ती दिसते तोपर्यंत मी मेलेली असते."

"मला वेग नको. मला बारीक रेघ पाहिजे. फोर के घेऊ."

"फोर के में मेरा गेम घिसटेगा. आपलं कार्ड एवढं नाही चालवत."

"मग तुझं काय म्हणणं? मी पोस्टरएवढी अक्षरं वाचू?"

"बीचवाला आहे न. सत्तावीस इंच, रेघाही बऱ्या, एकशे पासष्ट हर्ट्झही. दोघांचं काम होते."

सगळे जाणकार हाच मधला मॉनिटर सुचवत होते. मला तो नको होता. मधल्या मॉनिटरनं काही सिद्ध झालं नसतं. मी जेवताना मोबाइलवर परीक्षणं पाहायचो. एक माणूस काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर मोठं करून दाखवायचा आणि मी भाजीत हात ठेवून पाहत बसायचो. टेबल खिडकीकडून भिंतीकडे नेलं, भिंतीकडून दाराकडे, पुन्हा खिडकीकडे. पडदे बदलले. मॉनिटरचा उजेड वाढवला, कमी केला, निळा काढला, पिवळा केला. मुलगी संध्याकाळी येऊन सगळं पूर्ववत करायची आणि म्हणायची, "पप्पा, तुम्ही इसको छेडून छेडून पागल कराल."

पहिला मॉनिटर फोर के होता. खोकं उघडलं, मॉनिटर जोडला, जुनं ड्रॉइंग लावलं. राखाडी दोरा. दुसरा वक्र होता, दोन्ही टोकं पुढे आलेला. त्यावर सरळ बीम वाकल्यासारखा दिसायचा, आणि त्या वाकलेल्या बीमवर तोच राखाडी दोरा. मी सकाळभर खुर्ची पुढे-मागे करत राहिलो. बायको दोनदा येऊन विचारून गेली, "झालं का मनासारखं?" मी म्हणालो, "पॅनेल चांगलं नाही."

तिसरा आणि चौथा मॉनिटर आम्ही दुकानातच पाहायचं ठरवलं. मुलीचाच हट्ट होता, परत करायला तिला लाज वाटत होती. सुपेल्याच्या त्या दुकानात दुपारी गर्दी नसते. तिनं पेन ड्राइव्हवर माझ्या दोन शीट घेतल्या होत्या. दुकानदारानं दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावून दिले. डावा मधला, उजवा तिच्या आवडीचा वेगवान. तिनं फायली उघडल्या. मी पुढे वाकलो, मागे झालो, दोन्ही पाहिले. मला काहीतरी ठरवायचं होतं. दुकानदार पाहत होता, मुलगी पाहत होती, आणि मी आता तिसऱ्यांदा 'नको' म्हणू शकत नव्हतो.

"उजवा," मी म्हणालो. मनात आलं, तिच्या आवडीचा घेतो, निदान ती तरी खूश होईल. आणि मग मी ते वाक्य बोललो, ज्याची काही गरज नव्हती. "बघ, उजव्यावर तुटक रेघा कशा मोकळ्या दिसतात. डाव्यावर सगळ्या चिकटल्यात."

 माउसवरचा तिचा हात थांबला.

"पप्पा, उजव्यावर दुसरी शीट आहे."

"मग?"

"त्यात एकही तुटक रेघ नाही. सगळ्या सलग आहेत." ती माझ्याकडे वळली. "आणि डाव्यावरच्या मला इथून दिसतात. उभी राहून."

दुकानदारानं फडकं घेतलं आणि लांबच्या कीबोर्डवरची धूळ पुसू लागला. त्या कीबोर्डवर प्लास्टिक होतं, धूळ नव्हती.

मुलीनं माझा डावा डोळा स्वतःच्या तळहातानं झाकला. लहान असताना ती मागून येऊन दोन्ही डोळे झाकायची आणि 'कोण?' विचारायची. "आता?" उजव्या डोळ्यापुढे दूध सांडलं होतं. दोन मॉनिटर म्हणजे दोन उजळ चौकोन. मग तिनं उजवा झाकला. डाव्यानं थोडं बरं, पण दोरा तो दोराच.

"कब से?" तिनं विचारलं.

"झालं असेल दीड वर्ष."

"डॉक्टर?"

"मोतीबिंदू असेल म्हणून गेलो नाही." आता लिहिताना या वाक्यातला मूर्खपणा दिसतो. तेव्हा मला ते उत्तर वाटलं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं असतं, तर मॉनिटरला काही अर्थ उरला नसता.

आम्ही काही न घेता निघालो. स्कूटी ती चालवत होती, मी मागे. ओव्हरब्रिजच्या अलीकडे तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. हेल्मेट काढलं नाही.

"ती मावशी. चौदा बीमवाली. तेव्हाही नव्हतं दिसत?"

"नव्हतं."

"तिनं विचारलं होतं तुम्हाला?"

ट्रक जात होते. मी ते जाईपर्यंत थांबलो, जणू त्यांच्यामुळेच बोलता येत नव्हतं. "विचारलं होतं. मी सलग म्हणालो. मला आठवतं. केबिनमध्ये आठवत नाही म्हणालो."

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, तेही तिच्या पाठीला. तिचं हेल्मेट खाली झुकलं. मला वाटलं, रडते की काय. पण ती चिडली होती.

"हम पाँच लड़कियाँ हैं पप्पा. किसी ने गलत कॉल दी न, कि सामने कोई नहीं है, जाओ, और दूसरी मर गई, तो उसी वक़्त बोलते हैं, मेरी कॉल थी. उसी वक़्त. नाहीतर पुढच्या राउंडमध्ये कोणी कोणाचं ऐकत नाही. आणि मरणारी को लगता है, मुझे ही दिखता नहीं." तिनं गाडी सुरू केली. "गेम आहे तो. तरी बोलतो आम्ही."

घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, फक्त म्हणाली, "मी तिच्या सासूले सांगतलं होतं, आमच्या यांच्यावर आळ टाकला तुमच्या सुनेनं." आणि मग तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही. माझं खोटं तिनं खरं समजून दुसऱ्यांच्या दारात नेऊन ठेवलं होतं. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. ऑपरेशनची तारीख मिळाली. पुढचे पाच दिवस मी घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. आमची ती ड्रॉइंगवाली आता कुठे काम करते ते माहीत होतं. नेहरू नगरला, क्लासेसच्या रांगेत, एका झेरॉक्सच्या दुकानात. एकदा त्या रस्त्यावरून जाऊन परत आलो. दुसऱ्यांदा दुकानासमोर गाडी लावली, शेजारून पेन घेतलं आणि परत आलो. घरी आता पेनांना तोटा नव्हता. तिसऱ्या वेळी निघताना मुलीनं नुसतं पाहिलं, मग मी बसनं गेलो, म्हणजे लगेच परत फिरता येऊ नये.

ती काउंटरमागे जुन्या चौकोनी मॉनिटरसमोर बसली होती. एक विद्यार्थिनी फॉर्म भरून घेत होती.

"नाव वाच तू एकदा. मोठ्यानं."

विद्यार्थिनीनं वाचलं.

"आता स्पेलिंग वाच. मी मोठं करून देते." तिनं अक्षरं पडदाभर मोठी केली. "आता पुन्हा एकदा. बरोबर हाय न? तूच सांग, बरोबर हाय न?"

विद्यार्थिनी वैतागून म्हणाली, "दीदी, तीन बार हो गया."

विद्यार्थिनी गेल्यावर मी म्हणालो, "जय भीम."

"जय भीम, दादा." ती उठून उभी राहिली. "कावून आले? काही प्रिंट काढाची हाय का?"

मी येताना जे जुळवलं होतं ते सगळं विसरलो. म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं. मी सलग सांगितलं. मला तेव्हाही आठवत होतं." आणि मग डोळ्यांचं सांगितलं, नको इतकं लांबवून. ते सांगताना माझं मलाच कळलं की मी पुन्हा एक कारण पुढे करतोय, तेव्हा थांबलो.

ती खाली बसली.

"मंग तवा ती तुटकच होती?"

"तुटकच होती."

"मले दिसली होती तशीच?"

"तशीच."

तिनं प्रिंटरच्या ट्रेमधले कागद काढले, ठोकून सारखे केले, परत ठेवले. "मी तीन डॉक्टर केले, दादा. तिघंही म्हणे, नंबर नाही, डोळे उत्तम हायेत. मी म्हटलं, मंग डोक्यातच बिघाड असन. पोरीले रस्ता पार करून देतो तवा तिलेच विचारतो, गाडी येऊन राहिली का गं? सात वर्षाची पोरगी मले हात धरून नेते." ती हे रडवेली होऊन बोलत नव्हती, हिशेब समजावून सांगावा तशी बोलत होती. "तुमी सांगतलं सलग, अन् नंतर सारे म्हणे तुटक. मी म्हटलं, मले जे दिसते ते दिसतच नाही."

मी 'माफ करा' म्हणालो. तो शब्द काउंटरवर पडून राहिला. तिनं तो उचलला नाही.

"इथं एकट्यात सांगून मले काय फायदा? इथं तं मशीन हाय फक्त. ऑफिसात सांगा. ते दोघं हसत होते न, त्यायच्यासमोर. मी येईन."

"मालकाला सांगतो, तुम्हाला परत..."

"मले परत बोलवाची भाषा तुमी करू नका." आवाज पहिल्यांदा चढला. "ते मी पाहीन. तुमी फक्त आपलं सांगा."

सोमवारी सकाळी आम्ही हथखोजला गेलो. ती नवऱ्याबरोबर आली होती, तो फाटकाशीच थांबला. चहाची वेळ होती, सगळे जागेवर होते. मी टेबलांच्या मधे उभा राहिलो. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून खुर्चीची पाठ धरली. तीन वाक्यांत सांगितलं: यांनी विचारलं होतं, मला दिसत नव्हतं तरी मी सलग सांगितलं, केबिनमध्ये मी खोटं बोललो. मालक दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "अरे दादा, अब ये सब क्यों निकाल रहे हो? साल हो गया." मग थोड्या वेळानं, "मतलब साल भर से आप बिना देखे पास कर रहे थे?"

मी मोतीबिंदूचं आणि ऑपरेशनच्या तारखेचं सांगितलं. ऑपरेशन होऊन डॉक्टरांचा कागद येईपर्यंत माझ्याकडे तपासायला काही द्यायचं नाही, असं त्यानं तिथेच सांगितलं. वर्षभरात मी पास केलेली सगळी ड्रॉइंग दुसऱ्याकडून तपासून घ्यायची, तेही. बरोबरच होतं. कप इकडे ठेवू की तिकडे विचारणारा आपल्या चपलांकडे पाहत होता.

मुलीच्या मॉनिटरचं राहिलंच. मी तिला म्हणालो, तुला हवा तो घे. ती म्हणाली, "डोळे आधी. मग दोघं पाहून घेऊ. मला खोटी पसंती नको." अजून जुन्यावरच खेळते, आणि अजून मरते.

त्या सोमवारी आम्ही निघणार, तेवढ्यात ती बाई मालकाला म्हणाली, "त्या चौदा बीमची शीट दाखवा मले." कुणीतरी फाइल उघडली. ऑफिसात आता एक नवा मोठा मॉनिटर आला आहे, सत्तावीस इंची. उघडणाऱ्यानं सवयीनं झूम करायला चाक फिरवलं, तिनं त्याचा हात थांबवला. "नको. हाय तसंच राहू द्या." ती खुर्चीवर बसली, नेहमीच्या अंतरावर, पाठ टेकून. मी तिच्या मागे उभा होतो. मला राखाडी दोरा दिसत होता.

तिनं बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही.

"एक," ती म्हणाली. बोट किंचित पुढे सरकलं. "दोन. तीन. चार." मग उरलेल्या रेघेवरून सावकाश, शेवटपर्यंत, एकेक तुकडा मोजत गेली.